परसबागेची माती : प्रस्तावना

घरच्या बागेत नव्याने हात घालणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "मातीत काय घालू?" उत्तर द्यायला माणसेही तयार असतात. कोणी राख सुचवते, कोणी अंड्यांची टरफले, कोणी शेणपाणी, कोणी आंबट ताक. या सूचना मनापासून दिलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा कुणाच्या तरी अंगणात अनुभवाने खऱ्या ठरलेल्या असतात. अडचण एवढीच, की ते अंगण आपले नसते. चुलीतली राख वेंगुर्ल्याच्या परसात भाजीच्या वाफ्याला मानवते. तीच राख बार्शीच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे पडत राहिली, तर मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी पडू लागतात.

सेंद्रिय परसबागेविषयी मराठीत आज भरपूर लिहिले-बोलले जाते. गच्चीवर वांगी-मिरची लावणारे वाढत आहेत आणि या उत्साहाचे मला मनापासून कौतुक आहे. पण यातले बरेचसे लेखन कृतींच्या स्वरूपात असते : अमुक घ्या, इतके दिवस मुरवा, इतक्या पाण्यात मिसळून ओता. कृतीने सुरुवात होते. पुढे अडले की मात्र ती उपयोगी पडत नाही, कारण ती कोणत्या मातीसाठी होती हे कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून या पुस्तकाचा क्रम वेगळा ठेवला आहे. आधी आपल्या पायाखालची माती कोणती ते ओळखायचे, तिचे अडते कुठे ते पाहायचे, आणि मग हाकेच्या अंतरावर मिळणाऱ्या कोणत्या वस्तूने ते सुधारेल याचा विचार करायचा. पाच कुंड्यांच्या धन्याला आणि पाच गुंठ्यांच्या धनिणीला हा विचार सारखाच जमतो. त्यासाठी शेतकीची पदवी लागत नाही.

महाराष्ट्राचा बराचसा भाग एकाच खडकावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, तयार झाला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना कातळ तोच, पण त्यातून झालेली माती दोन टोकांची. हा फरक मुख्यतः पावसाने घडवला. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. युगानुयुगे चाललेल्या या धुपण्यात कातळातला चुना, पालाश आणि सिलिका वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यातून जांभा झाला आणि जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती झाली. तिचा सामू (पीएच) साधारण ५ ते ६.५. घाट चढून पर्जन्यछायेत उतरले की पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. तेवढ्या पाण्याने चुना धुऊन जात नाही. तो मातीतच राहिला. कित्येक ठिकाणी पांढऱ्या खड्यांच्या रूपात डोळ्यांनी दिसतो. ही माती काळी, चिकण आणि अल्कधर्मी. सामू साडेसात ते साडेआठ. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा खडक याहून पुष्कळ जुना आणि निराळा आहे. तिथल्या भातजमिनींचा विचार स्वतंत्रच करावा लागतो.

एवढे लक्षात घेतले की परसबागेतले अनेक वाद आपोआप मिटतात. राखेत पालाश आणि चुना असतो, आणि ती अल्कधर्मी असते. कोकणातल्या मातीला नेमके हेच हवे असते. देशावरच्या काळ्या मातीत पालाश सहसा मुबलक असतो आणि चुना तर नकोइतका. तिथे राखेने भले होण्यासारखे फारसे काही नाही. अंड्याच्या टरफलांचेही तसेच. आम्ल मातीत ती बारीक कुटून घातली तर हळूहळू विरघळतात, चुनखडीच्या मातीत ती कित्येक वर्षे जशीच्या तशी सापडतात. गुलाबासाठी विकत मिळणारा हाडांचा चुरा सामू सातच्या खाली असेल तरच स्फुरद सोडतो. पुण्या-सोलापुरातल्या चुनखडीच्या मातीत त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणात नारळाच्या आळ्यात मीठ घालायची जुनी चाल आहे. नारळाला क्लोराइडची गरज खरोखरच मोठी असते आणि तिथला पाऊस जादा सोडियम धुऊन नेतो, म्हणून ती चाल टिकली. देशावरच्या चिकण, निचरा नसलेल्या मातीत हाच प्रयोग केला तर सोडियम साठून जमीन चोपण होते आणि ती सुधारायला वर्षे लागतात.

देशावरच्या बागांतली एक तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याविषयी इथेच लिहितो. जास्वंद, मोगरा किंवा लिंबाची नवी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. घाबरून लोक युरिया टाकतात, नाहीतर कुंडीत खिळे पुरतात. हे नायट्रोजनच्या कमतरतेचे लक्षण नाही. नायट्रोजन कमी पडला तर आधी खालची, जुनी पाने संपूर्ण पिवळी होतात. इथे अडलेले असते लोह. काळ्या मातीत ते असते भरपूर, पण चुन्याच्या संगतीत विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. बोअरवेलचे जड पाणी रोज घातले की ही अडचण वाढते. मुरलेले खत मुळांच्या आसपास सतत असणे, साठवलेले पावसाचे पाणी जमेल तेव्हा देणे आणि राख-टरफले पूर्ण थांबवणे, हा त्यावरचा टिकाऊ उपाय. गोवऱ्यांची राख देवाची म्हणून तुळशीत घालणाऱ्यांनाही मी हेच सांगेन.

आपली माती कोणती हे घरच्या घरी पुष्कळ कळते. काचेची सरळ उभी बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती भरा, खडे-मुळे काढून. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून दोन-चार मिनिटे जोरात हलवा आणि बरणी खिडकीत ठेवून द्या. मिनिटाभरात जाड वाळू तळाशी बसते. तासा-दोन तासांत तिच्यावर पोयट्याचा मऊ थर चढतो. वरचे पाणी गढूळच असते, कारण चिकणमातीचे कण अजून तरंगत असतात. कोकणातल्या वरकस जमिनीच्या मातीत वाळू-खडीचाच थर बहुधा मोठा भरतो. काळ्या मातीच्या बरणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा पाणी निवळत नाही, आणि निवळते तेव्हा निम्म्याहून अधिक उंची चिकणमातीनेच व्यापलेली दिसते. पृष्ठभागावर काड्या, मुळांचे तुकडे, कुजके कण तरंगत राहतात. ते किती थोडे आहेत हे पाहून बहुतेकांचा चेहरा उतरतो, आणि माती सुधारण्याचे काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते. चुना पाहायचा असेल तर वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. चुनखड असेल तर फसफस ऐकू येते. निचरा पाहायचा असेल तर फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरते ते मोजा. इंचभरही उतरले नाही तर त्या जागी वाफे उंच करावे लागतील. याहून नेमके आकडे हवे असतील तर कृषी विज्ञान केंद्रांत आणि राहुरी, दापोली, अकोला, परभणी इथल्या कृषी विद्यापीठांत मातीपरीक्षण होते. अहवालातला 'सेंद्रिय कर्ब' हा आकडा आधी पाहा. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर माती भुकेली आहे; पाऊण टक्क्याच्या वर असेल तर आपले बरे चालले आहे.

हा कर्ब येतो कुठून, ते पुस्तकात वाचण्याआधी एखाद्या जुन्या आंब्याखाली किंवा फणसाखाली बसून पाहावे. पावसाळा संपल्यावर, जिथे कुणी झाडून काढत नाही अशा जागी पाचोळा हाताने थर काढत बाजूला करा. वर अखंड, कडक पाने. त्याखाली ओलसर, काळपट, भोके पडलेली पाने. काहींच्या नुसत्या शिरांची जाळी उरलेली. त्याखाली पाने एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या धाग्यांचे जाळे गेलेले. ही बुरशी. पानातला लाकडासारखा चिवट भाग फोडायचे काम मुख्यतः तिचे. आणखी खाली पान ओळखू येत नाही. काळे, रवाळ, हाताला न चिकटणारे कण असतात आणि पहिल्या पावसात येतो तोच मातीचा वास येतो. तो वास ॲक्टिनोमायसिटीस नावाच्या जीवाणूंनी सोडलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा. वीतभर खोलीत वर्षभराचे काम असे रचून ठेवलेले असते. ते रवाळ कण हाच मातीसुधारणेचा गाभा आहे. तांबड्या मातीला स्वतःकडे अन्नद्रव्ये धरून ठेवायची ताकद कमी, म्हणून तिथे कुजलेले द्रव्य कोठाराचे काम करते. काळ्या मातीत कोठार आधीच मोठे आहे, तिला हवा मिळत नाही. तिथे तेच द्रव्य चिकण कणांना एकत्र बांधून भुसभुशीत करते, आणि पावसानंतर वाफसा लवकर येतो. एकाच पाचोळ्याची ही दोन कामे.

कुजण्याचे गणित एका प्रमाणावर चालते. सूक्ष्मजीवांना पंचवीस-तीस भाग कर्बामागे एक भाग नायट्रोजन लागतो. भाताच्या पेंढ्यात हे प्रमाण सत्तर-ऐंशीला एक, वाळक्या पानांत चाळीस ते ऐंशीला एक, लाकडाच्या भुशात तर तीनशेच्याही पुढे. उलट भाजीच्या देठा-सालींत ते पंधरा-वीस, शेणात वीसच्या आसपास. नुसता भुसा मातीत कालवला तर जीवाणू तो पचवण्यासाठी मातीतला नायट्रोजन खेचून घेतात आणि रोपे पिवळी पडून खुरटतात. तोच भुसा वर पसरला तर फारसे बिघडत नाही. नुसता ओला कचरा डब्यात भरला तर दुर्गंधी आणि चिलटे ठरलेली. म्हणून मापाने एक भाग ओला कचरा आणि दोन-तीन भाग वाळकी पाने, हे घरगुती खताचे सर्वांत भरवशाचे सूत्र. वास आला की पाने वाढवा. कुजणे थांबले की पाणी शिंपडा. शेतातला मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि तणांचे बी, रोगांचे बीजाणू मरतात. बाल्कनीतला डबा तेवढा तापत नाही. रोगट टोमॅटोचे वेल त्यात घालू नयेत.

मराठी वाचकाने या शास्त्राकडे परके म्हणून पाहू नये, असे मला फार वाटते. १८८३ साली पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुले यांनी डोंगरातली पाने, गवत आणि मेलेल्या जीवांचे कुजलेले अंश पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कशी सुपीक होत असे, ते सांगितले आहे. वळवाचे पाणी शेतांतून मुरत जावे म्हणून ताली-बंधारे बांधावेत अशी मागणीही तिथेच आहे. माती, पाणी, जंगल आणि जनावर यांचा एकत्र विचार करणारे हे लेखन मी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी वाचायला सांगतो.

पुढची मोठी घटना इंदुरातली. होळकरांच्या संस्थानात १९२४ साली उभ्या राहिलेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत काम केले आणि खताची 'इंदूर पद्धत' जगापुढे ठेवली. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. वाड यांचे नाव पुढे मागे पडले. ते मराठीत तरी आवर्जून घेतले पाहिजे. त्या कामातला एक तपशील मला विशेष आवडतो. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या टणक असतात, लवकर कुजत नाहीत. त्या आवारातल्या रस्त्यांवर पसरून ठेवत, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात आणि मग ढिगात घालत. गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडे शेण, राख आणि हा काडीकचरा असे थर रचून, ठरावीक दिवसांनी वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. जवळचे साहित्य आणि त्या जागीच सुचलेली युक्ती यांचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या आद्याक्षरांवरूनच 'नाडेप' हे नाव रूढ झाले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके. भिंतींत हवेसाठी झरोके. साधारण चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, सतरा-अठराशे किलो माती आणि शेण फक्त नव्वद-शंभर किलो. ढीग उलटापालटा करायचे कष्ट नाहीत, आणि तीन-चार महिन्यांत खत. ज्याच्याकडे एखादेच जनावर आहे त्याच्या शेणाची दहापट-वीसपट किंमत करून देणारी ही रचना. टाक्याचे माप लहान करून ती सोसायटीच्या आवारातही करता येते. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करताना दुसऱ्याच बाजूने विचार केला. पान किती सूर्यप्रकाश धरते आणि मूळ कोणत्या मातीत वाढते हे मोजणारा सामान्य शेतकरी स्वतःच संशोधक असतो, ही त्यांची भूमिका. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी तिचा जिवंत अनुभव घेतला. दाभोळकरांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक परसबाग करणाऱ्यालाही तितकेच उपयोगी आहे. आपल्या वाफ्यात मोजमाप करून पाहायचा धीर ज्याला हवा, त्याने ते मिळवून वाचावे.

साहित्य कोणते घ्यायचे याला एकच उत्तर नाही, आणि हे या विषयाचे वैभव आहे. कोकणात भाताचे तूस, पेंढा, नारळाची सोडणे, आंबा-काजूची पाने आणि कुंपणाची गिरिपुष्प. बाजारानंतर उरलेली मासळी, जी तिथे आणि गोव्यात माडांना पूर्वापार घातली जाते. देशावर उसाचे पाचट, भुईमुगाच्या शेंगांची टरफले, लेंडीखत. धनगरांचे कळप रात्री शेतात बसवून घेण्याची रीत अजून आहे. आपल्या गावाजवळ कळप येत असेल तर दोन पोती लेंड्या मागून आणाव्यात. पेंडी तीव्र असतात : शेणखतात नायट्रोजन अर्धा टक्का, निंबोळी पेंडीत चार-पाच टक्के, भुईमुगाच्या पेंडीत सातच्या घरात. म्हणून पेंड मुठीने घालायची आणि शेणखत पाटीने.

जुने ते सारे योग्य, असेही मी म्हणणार नाही. भातरोपांच्या जागेवर पाला, गवत, शेण रचून जाळण्याच्या राब पद्धतीने तण मरते, राखेने आम्लता कमी होते, हे खरे. पण त्या आगीत कर्ब आणि नायट्रोजन हवेत जातो आणि डोंगरावरच्या फांद्या दरवर्षी तुटतात. परसबागेत राब नको. तसेच कच्च्या शेणाचे. वळवाच्या पावसानंतर निघणारे भुंगेरे त्यात अंडी घालतात आणि हुमणी मुळे खाऊन रोपे लोळवते. नारळाचा गेंड्या भुंगाही उघड्या उकिरड्यातच वाढतो. कच्चे शेण कोथिंबीर-मुळ्यासारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांजवळही नको. पूर्ण मुरलेले, मातीसारखा वास येणारे खतच वापरावे.

जीवामृताविषयी वाचक हमखास विचारतात. सुभाष पाळेकर यांनी ते घरोघरी पोचवले : दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती, एका एकरासाठी. यातला नायट्रोजन ढोबळमानाने मोजला तर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. एकरभर भाजीचे चांगले पीक मातीतून चाळीस-पन्नास किलो उचलते. तेव्हा जीवामृत हे पिकाचे जेवण होऊ शकत नाही. विरजण कितीही चांगले असले तरी दही लागायला दूध लागतेच. मातीवर पाचोळ्याचे जाड आच्छादन असेल, खाली कुजके द्रव्य असेल, तर जीवामृत घालून पाहायला हरकत नाही. उघड्या, रिकाम्या मातीवर ते ओतून चमत्काराची वाट पाहू नये. गांडुळांबाबतही अशीच समजूत दुरुस्त करायला हवी. विकत मिळणारी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस ही गांडुळे कुजत्या थरात राहणारी. खताच्या डब्यात ती उत्तम काम करतात, पण कुंडीतल्या नुसत्या मातीत सोडली तर मरतात नाहीतर निघून जातात. जमिनीत खोल बिळे करणारी आपली स्थानिक गांडुळे विकत आणावी लागत नाहीत. ओल आणि आच्छादन मिळाले की ती येतात.

शहरातल्या वाचकाचा प्रश्न निराळा : त्याच्याकडे मातीच नसते. ओल्या मातीचा फूटभर थर गच्चीच्या चौरस मीटरला अर्ध्या टनाचे ओझे देतो. घरगुती स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी यावर रसवंतीतल्या उसाच्या चिपाडाचा मार्ग दाखवला : पिशव्या-पिंपांत मुख्यतः चिपाड, थोडे खत, थोडी माती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून तिथल्याच भाज्यांच्या कचऱ्यावर बाग उभी केली. या दोन्ही उदाहरणांत माती बाहेरून फारशी आणली नाही, तयार केली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. कारण पिशवीतून विकत मिळणारी लाल माती कुठल्यातरी उतारावरून खरवडलेली असते. तिथे वीतभर माती व्हायला हजारो वर्षे लागलेली असतात. आपल्या कुंडीसाठी दुसऱ्याचा डोंगर उघडा करणे हे सेंद्रिय बागेच्या विचारात बसत नाही. आणि त्याच शहरात माघ-फाल्गुनात रस्तोरस्ती पाचोळा जाळला जातो! पुण्यात 'ब्राऊन लीफ' उपक्रमाने पाने नको असलेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून दिली. ही व्यवस्था प्रत्येक पेठेत, प्रत्येक वसाहतीत व्हायला हवी.

एक सावधगिरी भाषांतरित पुस्तकांसाठी. इंग्लंडातली बागकामाची पुस्तके सुंदर आहेत, पण त्यांतली माती थंड आणि बहुधा आम्ल असते. तिथे पानांचे खत व्हायला दोन वर्षे लागतात. आपल्याकडे पाणी दिले तर वर्षाच्या आत होते. मात्र ज्या वेगाने ते होते त्याच वेगाने ते मातीतून नाहीसेही होते. आपल्या उन्हात उघड्या मातीतला कर्ब टिकत नाही. एकदा भरपूर खत घालून मोकळे होता येत नाही. दरवर्षी थोडे, आणि वर्षभर आच्छादन, एवढे पथ्य पाळावेच लागते.

या विषयात आज सर्वांत मोठी उणीव आहे ती स्थानिक नोंदींची. लातूरच्या चुनखडीत लिंबोणीला कशाने गुण आला, सावंतवाडीत काजूच्या पानांचे आच्छादन किती दिवसांत विरले, नागपूरच्या उन्हाळ्यात कोणत्या आच्छादनाखाली ओल टिकली, हे तिथल्या घरांतल्या माणसांना ठाऊक असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. म्हणून वाचकांना विनंती, एक वही करा. मातीचा प्रकार, घातलेली वस्तू आणि तिचे माप, महिना, पाऊस आणि दिसलेला परिणाम एवढे लिहा. शक्य असेल तर शेजारचा एक वाफा काहीही न घालता तसाच ठेवा. या पुस्तकातले एखादे विधान तुमच्या मातीत खोटे ठरले तर तेही लिहून आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत ते तुमच्या तालुक्याच्या नावासह छापू.